वावर, वारस आणि विवाह

भारतीय दंडविधान १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आलं आणि त्यातलं ३७७ वं कलम त्याच दिवशी पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतही लागू झालं. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. आमचा मुलूख भंडाऱ्यात होता आणि भंडारा नव्यानं झालेल्या मध्य प्रांतात. त्याआधी इथं नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, घराण्यानं पुढे केलेला दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि राज्य खालसा झालं. वारस कोण हे घरानं नव्हे, सरकारनं ठरवायचं, हे आमच्या भागानं तेव्हाच पाहिलं.

मी चोरखमाऱ्याचा. तिरोडा तालुक्यातलं, नागझिऱ्याच्या जंगलाला टेकून वसलेलं हे गाव. बाहेरचे लोक आम्हाला तलावामुळे आणि अभयारण्याच्या गेटमुळे ओळखतात. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. वडिलांकडून आलेलं थोडं धानाचं वावर आहे. आणि गेली कित्येक वर्षं ज्याच्यासोबत मी संसार करतो आहे, तो पुरुष आहे. तो डोंगरगडकडचा, राईस मिलमधली यंत्रं दुरुस्त करतो. माझ्या बहिणीची मुलं त्याला मोठे मामा म्हणतात.

समलिंगी माणसांच्या हक्कांचा इतिहास सांगताना लोक मुंबई-दिल्लीपासून सुरुवात करतात. मला तो गावाच्या शिवेवरून सांगायचा आहे. कारण शहरात लग्नाचा विषय निघाला की चर्चा प्रेमावर आणि समारंभावर जाते. गावात लग्न म्हणजे वावर कुणाच्या नावे चढणार, दवाखान्यात सही कोण करणार आणि अग्नी कोण देणार. ज्यांचं लग्न कायदा मानत नाही, त्यांच्यासाठी हे तिन्ही प्रश्न आयुष्यभर उघडे राहतात.

आधी त्या कलमाकडे येतो. दंडविधानाचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्ये तयार केला. कायदा मंजूर व्हायला १८६० उजाडलं. निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप, असं ३७७ चं स्वरूप होतं. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या कलमात कुठेच नव्हती. ती पुढे न्यायाधीशांनी आपापल्या समजुतीप्रमाणे केली. मूळ इंग्लंडातलं होतं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ मध्ये, तिथं या संबंधांना फाशीची शिक्षा ठरली होती आणि ती पुस्तकातून निघाली १८६१ मध्ये. म्हणजे तिकडे फाशी रद्द होत होती त्याच सुमारास इकडे जन्मठेप लागू झाली.

त्याच सरकारनं त्याच काळात आमच्याकडे आणखी एक कायदा आणला, जंगलाचा. १८६५ चा पहिला वन कायदा, मग १८७८ चा जास्त कडक कायदा. मोहफुलं वेचणं, लाकूड आणणं, गुरं चारणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. ती एकतर सरकारची मेहेरबानी ठरली, नाहीतर गुन्हा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही कायदे एकत्रच शिकवतो. जंगल कुणाचं आणि निसर्ग कशाला म्हणायचं, हे इथल्या माणसाला न विचारता ठरवलं गेलं. पुढच्या दीडशे वर्षांत या दोन्ही कायद्यांचं काय झालं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

कायदा यायच्या आधी इथं सगळं मोकळं होतं असं मी म्हणणार नाही. जात होती, पंचायत होती, दंड होता. पण घर मांडण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त होत्या. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेले खंड १९१६ मध्ये छापले गेले. त्यात गोंडांच्या लग्नाच्या कितीतरी रीती नोंदलेल्या आहेत. मुलाकडे पैसा नसेल तर तो सासऱ्याच्या घरी काही वर्षं राबून मुलगी मिळवायचा. त्याला लमसेना म्हणत. एखादी बाई आपल्या मनानं निवडलेल्या पुरुषाच्या घरात जाऊन बसायची. ती पैठू. कुणबी आणि इतर शेतकरी जातींत विधवेचा पाट लागायचा. कुठं वरात नाही, कुठं भटजी नाही, तरी गावानं ते घर मानलेलं असायचं.

आणखी एक रीत मला माझ्या जोडीदाराच्या घरी पाहायला मिळाली. आमच्या जिल्ह्याची पूर्वेची हद्द ओलांडली की छत्तीसगड लागतं आणि तिथं मितान करण्याची चाल आहे. दोन पुरुष किंवा दोन बायका देवासमोर, चारचौघांत, जन्मभराची मैत्री बांधतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली, जंवारा अशी त्या मैत्रीला नावं आहेत. महाप्रसाद तोंडात घालून बांधली तर महाप्रसाद, गंगेचं पाणी देऊन बांधली तर गंगाजल. त्यानंतर एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. भेटल्यावर ‘सीताराम महाप्रसाद’ म्हणायचं. मितानाचा बाप आपला फूलददा होतो, आई फूलदाई होते. माझ्या जोडीदाराच्या आजीची गंगाजल शेजारच्या गावची होती. त्या घरातलं कुठलंही कार्य तिच्याशिवाय सुरू झालं नाही, आणि आजी गेल्यावर पोरांनी तिला घरातल्या थोरलीचा मान दिला.

मितानाच्या नात्याला मी समलिंगी नातं म्हणत नाही. ते बहुतेक वेळा निखळ मैत्रीचं असतं, आणि त्यात दोघांचीही लग्नं वेगळी झालेली असतात. माझं म्हणणं इतकंच की रक्ताचं आणि लग्नाचं नसलेलं, एकाच लिंगाच्या दोन माणसांमधलं नातं समाज विधीपूर्वक मान्य करू शकतो, त्याला नातलग जोडू शकतो, कर्तव्यं लावू शकतो. ही कल्पना आमच्या पंचक्रोशीला परदेशातून शिकावी लागत नाही.

माझ्या लहानपणी गावोगावी दिवाळीनंतरची मंडई भरायची, अजूनही भरते. रात्री दंडार, खडी गंमत, नाटक. बायकांची कामं तेव्हा पुरुषच करायचे. आमच्या भागात अशी कामं करणारा एक जण होता. वर्षभर तो दुसऱ्याच्या बांधीत चिखल करायचा आणि रोवण्याला जायचा. मंडईच्या दिवसांत मिशी काढायचा. मी त्याला सजताना पाहिलं आहे. गॅसबत्तीच्या उजेडात खांबाला टेकवलेला आरशाचा तुकडा, डब्यातली पावडर, तोंडात धरलेल्या पिना. नऊवारीच्या निऱ्या तो कुणालाही घालू द्यायचा नाही, स्वतः बोटांवर मोजून घालायचा. त्याच्या पार्टीतला ढोलकीवाला आणि तो एकाच घरात राहायचे. चूल एक, शेळ्या एकत्र, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायलाही बरोबर. गाव त्यांच्याबद्दल काही बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. दोघांना सगळ्या कार्यांची आमंत्रणं असायची.

मग ढोलकीवाला गेला. तेराव्यानंतर त्याचे चुलतभाऊ आले आणि घराला कुलूप लावून गेले. घर कागदावर ढोलकीवाल्याचं होतं. ते दोघांनी मिळून उभं केलं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण गावाला ठाऊक असणं म्हणजे नोंद नव्हे. उरलेला माणूस शेळ्या घेऊन बहिणीकडे गेला आणि पुन्हा मंडईत उभा राहिला नाही. ३७७ खाली त्या दोघांना कुणी पकडलं नव्हतं. कलमाचा उपयोग जितका शिक्षेसाठी झाला, त्याहून कितीतरी जास्त असाच झाला: ज्याला गुन्हा ठरवलं आहे त्याची नोंद कोण घेणार?

महाराष्ट्रात या विषयावर पहिल्यांदा उघडपणे आणि शहाणपणानं बोलले ते र. धों. कर्वे. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना प्रश्न पाठवायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेलं ते सगळं अश्लील म्हणता येत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालंच पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. पण दलितांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसानं या प्रश्नावरही वकिली केली, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो. माणसाची प्रतिष्ठा तुकड्या-तुकड्यांनी मागता येत नाही, हे त्या एका वकीलपत्रातून मुलांना कळतं.

त्यानंतर बराच काळ हा विषय रंगभूमीनं सांभाळला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाची नायिका झाली आणि रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली. त्याच्या दोन वर्षं आधी सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’नं स्त्रीभूमिका करणाऱ्या एका उपेक्षित नटाचं दुःख मांडलं होतं. ते नाटक मी वाचलं तेव्हा मला आमच्या मंडईतला तो माणूस आठवला.

पण माझ्यापर्यंत पहिल्यांदा जे पोचलं ते नाटक नव्हतं, भोपाळची बातमी होती. डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेश पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी, लीला नामदेव आणि ऊर्मिला श्रीवास्तव यांनी, आपसात गांधर्व पद्धतीनं लग्न केलं. एकमेकींना हार घातले, फोटो काढला. गोष्ट वरिष्ठांच्या कानावर गेली, दोघींची चौकशी झाली आणि दोघींना नोकरीवरून काढलं. १९८८ च्या फेब्रुवारीत ही बातमी देशभर छापून आली. आमच्या गावात पेपर दुपारी यायचा आणि पानठेल्यावर वाचला जायचा. मी शाळकरी होतो. मोठी माणसं बातमी वाचून हसत होती, तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, ‘‘नोकरी कायले काढली? काम तं बराबर करत होत्या ना?’’ भारतातल्या कामगार कायद्याचा आणि समलिंगी हक्कांचा संबंध मला इतक्या थोडक्यात नंतर कुणी समजावून दिला नाही. त्या दोघी मुंबईच्या नव्हत्या, श्रीमंत नव्हत्या, इंग्रजी पुस्तकं वाचून आलेल्या नव्हत्या. बराकीत राहणाऱ्या, पगारावर घर चालवणाऱ्या बायका होत्या. या देशात समलिंगी लग्नाचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला.

संघटित काम मात्र मुंबईत सुरू झालं. अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. खिऱ्यांचं मोठं काम मला वाटतं ते भाषेचं. समलिंगी माणसाच्या मनात काय चालतं, घरच्यांना काय सांगायचं, डॉक्टरनं काय करू नये, हे त्यांनी सोप्या मराठीत लिहिलं. ‘पार्टनर’सारखी कादंबरी आणि ‘इंद्रधनू’सारखं माहितीचं पुस्तक तालुक्याच्या गावातला मुलगाही वाचू शकतो. नागपुरात सारथी ट्रस्टनं काम उभं केलं आणि २०१६ मध्ये ऑरेंज सिटीच्या रस्त्यावर पहिली प्राइड पदयात्रा निघाली. मुंबईत ती २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाली होती, पुण्यात २०११ मध्ये. आम्ही दोघं नागपूरच्या पदयात्रेत चाललो. आमच्या पुढं चालणाऱ्या मुलानं तोंडाला दुपट्टा बांधला होता. व्हेरायटी चौकात येईपर्यंत त्यानं तो सोडला आणि कमरेला बांधला.

कोर्टातली लढाई याच काळात चालू होती. १९९४ मध्ये एड्स भेदभाव विरोधी आंदोलनानं ३७७ ला पहिलं आव्हान दिलं. २००१ मध्ये नाझ फाउंडेशन दिल्ली हायकोर्टात गेली. २ जुलै २००९ रोजी हायकोर्टानं सांगितलं की सज्ञान माणसांनी संमतीनं, खासगीत ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. चार वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला आणि आम्ही पुन्हा गुन्हेगार झालो. ती तारीख आमच्या भागात आणखी एका कारणानं लक्षात राहते. दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना निघाली. गावात दोन दिवस वाघाचीच चर्चा होती. रोजगार येईल का, गुरं चारता येतील का, गावं उठवतील का. मी आणि तो रात्री घराच्या ओट्यावर बसून कोर्टाच्या निकालाबद्दल हळू आवाजात बोलत होतो. कुणाला संरक्षण द्यायचं आणि कुणाला नाही, याचे दोन निर्णय चोवीस तासांत आमच्या दारावरून गेले.

पुढचं वेगानं घडलं. एप्रिल २०१४ मध्ये नालसा खटल्यात सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी माणसांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क दिला. त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांत मुंबईत काम करणाऱ्या गौरी सावंतही होत्या. त्यानंतर गावांनी काय केलं ते पाहा. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या लोकांनी तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये एका तृतीयपंथी उमेदवाराचा महिला गटातला अर्ज फेटाळला गेला, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला आणि गावानं तिला निवडूनही दिलं. गावं मागास असतात असं म्हणणाऱ्यांनी या दोन मतमोजण्या डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. १८६२ पासून १५६ वर्षं झाली होती. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात म्हटलं की या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी इतिहासानं मागितली पाहिजे. त्यातला कुटुंबांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. माझ्या आईनं लोकांच्या नजरा झेलल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेलं नाही.

इथं मी वन कायद्याची गोष्ट पुन्हा हातात घेतो. २००६ मध्ये संसदेनं वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलं आहे की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. पण तो कायदा कबुलीवर थांबला नाही. ग्रामसभेनं दावे घ्यायचे, पुरावे पाहून ठराव करायचा आणि जिल्हा पातळीवरच्या समितीच्या मंजुरीनंतर हक्काचा पट्टा द्यायचा, अशी व्यवस्था त्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून दाखवला. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघेल. मी असा पट्टा हातात घेऊन पाहिला आहे, शेजारच्या गावातल्या एका गोंड जोडप्याचा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो त्यांनी पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवला होता. बाईनं आपल्या नावावर बोट ठेवून मला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कागदावर कुठं आहे ते तिला पक्कं माहीत होतं.

अन्याय मान्य केला की असा कागद द्यावा लागतो. जंगलाच्या बाबतीत कबुलीनंतर पट्टा आला. आमच्या बाबतीत माफी आली, पट्टा आला नाही.

लोक मात्र थांबले नाहीत. ३० डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे ३७७ अजून पुस्तकात होतं तेव्हा, यवतमाळात अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्थानिक तरुणानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी पाहुण्यांसमोर लग्न केलं. विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावी, नातेवाइकांच्या उपस्थितीत. २०२१ च्या डिसेंबरअखेर नागपुरात दोन डॉक्टर बायकांनी आयुष्यभराच्या साथीचं वचन एकमेकींना जाहीरपणे दिलं, त्याला दोघींच्या घरच्यांची साथ होती. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायदा बदलण्याचं खासगी विधेयक मांडलं. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात पुरुष एकवीस वर्षांचा आणि स्त्री अठरा वर्षांची असावी असं लिहिलं आहे. तिथं पुरुष आणि स्त्रीऐवजी नुसतं व्यक्ती म्हटलं असतं तर माझ्यासारख्यांचं काम सोपं झालं असतं.

ते काम सुप्रीम कोर्टात २०२३ मध्ये अडलं. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्याची सुनावणी एप्रिल-मेमध्ये झाली, निकाल १७ ऑक्टोबरला आला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा, यावर पाचही न्यायाधीश एक झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, यावर तीन विरुद्ध दोन असं झालं. मान्यता द्यावी म्हणणाऱ्या दोघांत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. दुसरे न्यायमूर्ती संजय किशन कौल. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

त्या निकालातून एक समिती निघाली आणि समितीतून काही पत्रं. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राज्यांना आणि बँकांना कळवलं की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं, संयुक्त खातं आणि नॉमिनी यांना अडकाठी करू नये, आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा. मी ते पत्र छापून घेऊन एका कार्यालयात गेलो. बाबूनं सभ्यपणे वाचलं. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. कुटुंबप्रमुखाशी नातं, अशी चौकट होती. तिच्यावर टिचकी मारली की यादी उघडत होती: पत्नी, मुलगा, मुलगी, सून, आई, भाऊ. शेवटी ‘इतर’. आम्ही ‘इतर’ झालो. तांदूळ मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण बावीस वर्षांची मुलगी लग्न करून आली की त्याच यादीत दुसऱ्या दिवशी तिची जागा पक्की असते.

वावराचं त्याहून अवघड. मी मेलो तर तलाठी वारसांची नोंद घेतील, गाव नमुना सहा-क मध्ये. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. त्याप्रमाणे बिनलग्नाच्या पुरुषाची पहिली वारस आई. ती नसेल तर बाप, मग भाऊ-बहीण, पुतणे-भाचे, आणि असंच दूरवर. या लांबलचक यादीत, ज्यानं माझ्याबरोबर प्रत्येक पावसाळ्यात बांधीत उभं राहून परे उपटले त्याचं नाव कुठंच नाही. वडील जायच्या आधी मला म्हणाले होते, ‘‘तुले जसं राहाचं तसं राह्य, पन वावर पडीत ठेवू नको.’’ वावर पडीत नाही. धुऱ्यावर तूर आहे, बांधीत धान आहे आणि ते दोघांच्या हातांनी उभं आहे.

म्हणून मी मृत्युपत्र केलं. त्याला दोन साक्षीदार लागतात. एक माझे भाऊजी, म्हणजे ज्यांच्या बायकोचा वाटा या मृत्युपत्रानं जातो तेच. दुसरे शेजारचे काका, ज्यांनी अर्धं आयुष्य वनखात्यात मजुरी केली. काकांनी सही करण्याआधी मृत्युपत्र मोठ्यानं वाचायला लावलं, पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, ‘‘एवढं लिहाची गरजच कायले पडते?’’ याचं उत्तर कायदेमंडळानं द्यायचं आहे. मृत्युपत्रावर हरकत घेता येते, खटला लढता येतो. लग्नाच्या बायकोला असं काहीच सिद्ध करावं लागत नाही.

लग्नाचा कायदा बदलणार नाही असं सांगणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास उघडावा. १८५६ च्या आधी, पाटाची रीत नसलेल्या उच्च जातींत, विधवेचं पुन्हा लग्न कायदा मानत नव्हता. १८७२ च्या नोंदणी विवाहाच्या कायद्यात लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणी नाही असं लिहून द्यावं लागत होतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिलं भटजीविना लग्न लावलं. पुढं ओतूरकडे अशी लग्नं झाल्यावर ग्रामजोश्यांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावे लावले, आणि पुरोहितावाचूनही लग्न होऊ शकतं हे मुंबई हायकोर्टाकडून वदवून घ्यावं लागलं. वेगवेगळ्या जातींच्या हिंदूंची लग्नं सरसकट वैध ठरायला १९४९ उजाडलं. प्रत्येक वेळी माणसांनी आधी लग्नं केली, त्रास सोसला, आणि कायदा मागून आला. प्रत्येक वेळी धर्म बुडेल असं सांगितलं गेलं. आज त्यातलं एकही लग्न कुणाला विचित्र वाटत नाही.

नेदरलँड्सनं २००१ मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता दिली, तैवाननं २०१९ मध्ये, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून नोंदणी सुरू झाली. मला यांपेक्षा जवळचं वाटतं ते नेपाळ. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या हंगामी आदेशानंतर २९ नोव्हेंबर २०२३ रोजी अशा एका जोडप्याच्या लग्नाची पहिली नोंद झाली, आणि ती काठमांडूत झाली नाही. लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेत झाली, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयात.

महाराष्ट्रात गावातल्या लग्नाची नोंद ग्रामसेवक करतात, १९९८ च्या कायद्याप्रमाणे. अर्ज, फोटो, वयाचा दाखला, साक्षीदारांच्या सह्या. व्यवस्था तयार आहे, संसदेला लग्नाच्या कायद्यातले शब्द बदलायचे आहेत. ज्या दिवशी ते बदलतील त्या दिवशी आम्ही दोघं चोरखमाऱ्यातून अर्ज देणार आहोत. भाऊजी आणि काका साक्षीला येणार आहेत, आणि आधी जन्मलेला म्हणून पहिलं नाव त्याचं लिहायचं हेही ठरलेलं आहे.